सोनोग्राफीत बाळाच्या तोंडाशी गाठ दिसली, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलंच बाळंतपण, ३३ वा आठवडा. बाळाची वाढ बघायला केलेल्या सोनोग्राफीत तोंडातून बाहेर आलेली, साधारण अडीच सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली. रिपोर्टमध्ये ‘कंजेनायटल एप्युलिस? टेराटोमा?’ अशी प्रश्नचिन्हासह दोन नावं आहेत. विसाव्या आठवड्यातला अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी) अगदी स्वच्छ होता. बाळाचे वडील विचारताहेत : हा कॅन्सर आहे का? तेव्हा का दिसलं नाही? जन्मल्यावर बाळाला श्वास घेता येईल का? सिझेरियनच करावं लागेल का? आणि पुढच्या बाळालाही असं होईल का?

मी गर्भवैद्यकात काम करतो. अशा गाठी दुर्मीळ असल्या तरी आमच्याकडे दुसरीकडून पाठवलेल्या गरोदर स्त्रिया येतात, त्यामुळे इतरांपेक्षा जरा जास्त बघायला मिळतात. तुमच्या स्कॅनच्या प्रतिमा माझ्यासमोर नाहीत, म्हणून निदान करणार नाही. पण या माहितीवरून विचार कसा करायचा आणि उरलेल्या आठवड्यांत काय करून घ्यायचं, ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुमचं सगळं लक्ष सध्या गाठीच्या नावाकडे लागलं असणार, ते स्वाभाविक आहे. पण बाळाच्या जिवाच्या दृष्टीनं आत्ता त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन : गाठीचं मूळ नेमकं कुठे आहे, आणि नाकापासून श्वासनलिकेपर्यंतची वाट मोकळी आहे का. ही दोन उत्तरं नीट मिळाली की जन्माचं नियोजन करता येतं. नाव तर शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं होतंच.

आता नावाबद्दल. गाठ वरच्या जबड्याच्या हिरडीतून, मध्यरेषेच्या थोडी बाजूला, देठासारख्या बारीक बुडख्यावर आली असेल, आतून एकसारखी भरीव असेल आणि तिसऱ्या तिमाहीतच प्रथम दिसली असेल, तर ती जन्मजात एप्युलिस असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ही गाठ १८७१ मध्ये नॉयमान या जर्मन रोगनिदानतज्ज्ञानं प्रथम नोंदवली, म्हणून तिला नॉयमानची गाठही म्हणतात. दीडशे वर्षं झाली तरी वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले रुग्ण काही शेकडोच आहेत. तुमच्या डॉक्टरांनी ती आधी कधी पाहिली नसेल तर त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही. उभ्या कारकिर्दीत एकही एप्युलिस न पाहिलेले उत्तम सोनोलॉजिस्ट मला माहीत आहेत.

ही गाठ कॅन्सर नाही. ती शेजारच्या भागात घुसत नाही, शरीरात इतरत्र पसरत नाही, आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर झाल्याचं आढळलेलं नाही. मुलींमध्ये ती मुलांच्या तुलनेत आठ ते दहा पटींनी जास्त आढळते. वरच्या जबड्यात खालच्यापेक्षा जास्त, आणि बहुतेक वेळा सुळ्याच्या व त्याच्या शेजारच्या दाताच्या जागेवर. साधारण दहापैकी एका बाळात एकाहून जास्त गाठी असतात. त्यामुळे एक दिसली की दुसऱ्या हिरडीवरही नजर फिरवायची. आकार काही मिलिमीटरपासून क्वचित नऊ सेंटिमीटरपर्यंत. जन्म झाला की तिची वाढ थांबते, आणि लहान गाठी कधीकधी आपोआप आक्रसतात. मुलींमध्ये जास्त आणि जन्मानंतर वाढ थांबते, यावरून आईच्या संप्रेरकांचा संबंध असावा असं बराच काळ मानलं गेलं. पण काढलेल्या गाठी तपासल्यावर त्यांत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) साधारणपणे सापडत नाहीत, त्यामुळे कारणाचा उलगडा अजून झालेला नाही. आईनं काय खाल्लं, किती काम केलं, कुठला प्रवास केला, यांपैकी कशाशीही या गाठीचा संबंध दिसलेला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण रिपोर्ट हातात आल्यावर बहुतेक आया पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतात आणि घरातले कुणी ना कुणी त्यात भर घालतात. तुम्ही ते होऊ देऊ नका.

विसाव्या आठवड्यात का दिसलं नाही? कारण तेव्हा दिसण्याजोगं काही नव्हतंच. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये वरचा ओठ बघितला जातो, तो फाटलेला नाही याची खात्री केली जाते, बहुतेक ठिकाणी चेहऱ्याची बाजूही बघतात. पण गर्भात ओळखलेल्या एप्युलिस जवळजवळ सगळ्या २६ आठवड्यांनंतर, आणि त्यातही बऱ्याचशा तिसाव्या आठवड्याच्या पुढे सापडलेल्या आहेत. ही गाठ शेवटच्या तिमाहीत वाढते, आणि वाढते ती भराभर. याउलट तोंडातला टेराटोमा, म्हणजे अनेक प्रकारच्या ऊती असलेली गाठ, बऱ्याचदा दुसऱ्या तिमाहीतच दिसू लागतो. म्हणून तुमचा स्वच्छ अ‍ॅनोमली स्कॅन मी एप्युलिसच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचेन. तो शंभर टक्के पुरावा नाही, पण त्याला वजन आहे. जुने फोटो, सीडी जे काही असेल ते पुढच्या तपासणीला सोबत न्या. विसाव्या आठवड्यातला चेहऱ्याचा एक चांगला फोटो पुष्कळ काही सांगून जातो.

पुढचा स्कॅन गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञाकडेच करून घ्या आणि त्यासाठी वेळ राखून ठेवायला सांगा. चेहऱ्याचा स्कॅन घाईनं होत नाही. मी स्वतः तीन प्रतलांतून बघतो. बाजूनं कपाळ, नाक, ओठ, हनुवटी एका रेषेत घेतली की गाठ तोंडाच्या आत किती आणि बाहेर किती हे कळतं. समोरून घेतलं की दोन्ही नाकपुड्या आणि वरचा ओठ दिसतो. आणि आडव्या छेदात हिरडीची कमान, तिच्यात ओळीनं बसलेले दातांचे अंकुर दिसतात. एप्युलिसचा निकाल बहुधा या तिसऱ्या प्रतलात लागतो, कारण गाठीचा देठ त्या कमानीच्या कोणत्या भागातून निघालाय ते तिथेच पकडता येतं.

मग थोडा वेळ थांबून बघत राहायचं. बाळ तोंड उघडतं, गिळतं, जीभ हलवतं. जीभ गाठीपासून वेगळी, स्वतंत्रपणे हलताना दिसली की गाठ जिभेची नाही हे ठरतं. कलर डॉप्लर (प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावला की देठातून गाठीत शिरणारी रक्तवाहिनी दिसते, ती हिरडीकडून येते की टाळूकडून हे बघायचं. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची खूण पुढची आहे. बाळ पोटात श्वसनाच्या हालचाली करतं तेव्हा गर्भजल नाकपुड्यांतून आत-बाहेर होतं. डॉप्लरवर ते रंगाच्या झोतासारखं दिसतं. दोन्ही नाकपुड्यांतून हा झोत दिसला, तर नाकापासून घशापर्यंतची वाट उघडी आहे. नवजात बाळ प्रामुख्यानं नाकानंच श्वास घेतं, त्यामुळे तोंड गाठीनं भरलेलं असलं तरी ही वाट मोकळी असली की जन्मानंतरची धास्ती पुष्कळ कमी होते. तुमच्या रिपोर्टमध्ये याचा उल्लेख नसेल तर पुढच्या वेळी ते आवर्जून बघायला सांगा.

त्याच बैठकीत बाळाच्या जठरात पाणी आहे का आणि गर्भजल किती आहे, हेही मोजतात. बाळ गर्भजल गिळत असतं. गाठीमुळे गिळता येईना तर जठर रिकामं दिसतं आणि गर्भजल साठत जातं. सर्वांत खोल कप्पा आठ सेंटिमीटर किंवा जास्त, अथवा चारही भागांची बेरीज साधारण २५ सेंटिमीटरच्या वर गेली, की गर्भजल वाढलंय असं म्हणतात. गर्भजल वाढण्याचे परिणाम आईलाही भोगावे लागतात : धाप लागते, कळा लवकर सुरू होऊ शकतात, पाणमोट अवेळी फुटू शकते, आणि फुटताना नाळ खाली सरकण्याचा धोका असतो.

फसवणाऱ्या गोष्टीही सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंनी ओठ फाटलेला असला की जबड्याचा मधला भाग नाकाखाली पुढे येतो, आणि वरवर बघितलं तर तो हुबेहूब गाठीसारखा वाटतो. तोंडासमोर आलेली नाळेची वेटोळी, बाळाची मूठ, बाहेर काढलेली जीभ हीसुद्धा क्षणभर चकवतात. म्हणून एकाच फोटोवरून निष्कर्ष काढू नये. थोड्या वेळानं, बाळ वळल्यावर पुन्हा बघावं.

आता रिपोर्टमधल्या दुसऱ्या नावाकडे वळू. तोंडातल्या टेराटोमाला एपिग्नॅथस म्हणतात. तो सहसा टाळूतून किंवा त्यामागच्या कवटीच्या तळाच्या भागातून निघतो आणि तोंडाबाहेर येतो. त्यात अनेक प्रकारच्या ऊती असतात, म्हणून सोनोग्राफीत काही भाग भरीव, काही पाण्याच्या पिशव्यांसारखा, आणि मध्ये चुन्याचे चकाकणारे ठिपके असं मिश्र चित्र दिसतं. तो वरच्या दिशेनं कवटीतही शिरू शकतो, म्हणून मेंदू बघणं भाग असतं. गर्भजल बहुतेकदा वाढलेलं असतं. ऊतींच्या दृष्टीनं हीसुद्धा बहुतांश वेळा कॅन्सर नसलेलीच गाठ. पण जागा अशी की ती श्वासमार्ग पूर्ण बंद करू शकते, आणि पूर्वतयारी नसेल तर बाळ जन्मल्यावर काही मिनिटांत दगावू शकतं. साधी, कॅन्सर नसलेली गाठ जीवघेणी कशी ठरू शकते याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही, आणि मूळ कुठे आहे यावर मी एवढा भर का देतोय तेही यावरून लक्षात येईल.

बाकीच्या शक्यता लवकर आटोपतो, कारण तुमच्या वर्णनाशी त्या फारशा जुळत नाहीत. लसिकावाहिन्यांची गाठ पातळ पडद्यांनी विभागलेल्या अनेक पिशव्यांची असते आणि जीभ, तोंडाचा तळ, मान अशी पसरते. तोंडाच्या तळाशी एकच पाण्याची पिशवी असेल तर रॅन्युला, म्हणजे लाळेची पुटी, किंवा जिभेतली जन्मजात पुटी. कवटीच्या हाडातल्या फटीतून मेंदूचं आवरण खाली उतरलेलं असू शकतं. ते ओळखणं फार गरजेचं, कारण अशा गाठीला कुणी साधी समजून सुई किंवा सुरी लावता कामा नये. मोठी जीभ बाहेर डोकावत असेल तर बेकविथ-वीडेमान सिंड्रोम या अतिवाढीच्या जन्मजात विकाराची इतर लक्षणं शोधावी लागतात. जन्मजात रक्तवाहिन्यांची गाठ डॉप्लरवर रक्तानं भरलेली दिसते. वरच्या जबड्याच्या पुढच्या भागातच येणारी आणखी एक गाठ आहे, मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर. ती बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात लक्षात येते, हाड पोखरते आणि काढल्यावर परतही येऊ शकते. खरोखरचा कॅन्सर, म्हणजे रॅब्डोमायोसारकोमासारखी गाठ, नवजात बाळाच्या तोंडात अतिशय विरळा. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे, म्हणूनच काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला जाते.

एमआरआय करावा का? सगळ्यांनाच लागत नाही. देठ हिरडीवर स्वच्छ दिसतोय, नाकातून झोत आहे, जठरात पाणी आहे, गर्भजल नेहमीएवढं आहे, असं चित्र असेल तर चांगल्या सोनोग्राफीवर मी थांबतो. पण मूळ कुठे आहे याबद्दल शंका असेल, गर्भजल वाढलं असेल, गाठ मोठी असून मागे घशाकडे जातेय असं वाटत असेल, तर एमआरआय जरूर करावा. त्यात टाळू, घसा, श्वासनलिका आणि मेंदू एकत्र दिसतात, आणि भूलतज्ज्ञ व शल्यचिकित्सकांना नकाशा मिळतो. यात क्ष-किरण नसतात. गरोदरपणात प्रतिमा ठळक करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र देत नाहीत, त्याची गरजही नसते. आईला कुशीवर झोपवून तपासणी करता येते. मशीनचा आवाज मोठा असतो, त्याची आधी कल्पना द्यावी.

थ्रीडी फोटोबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शल्यचिकित्सकांशी बोलताना तो उपयोगी पडतो, आईवडिलांनाही बाळाचा चेहरा जन्माआधी ओळखीचा होतो. पण समजावून न सांगता तो फोटो हातात ठेवला आणि मग तो मोबाइलवरून नातेवाइकांत फिरत राहिला, की फार भीती पसरते. बाळाच्या ओठांतून लालसर गोळा लोंबतोय हे दृश्य कुणालाही हादरवतं. फोटो बघायचा असेल तर डॉक्टरांसमोर बसून, त्यांच्याकडून समजावून घेत बघा, आणि पुढे पाठवू नका.

आता जन्माविषयी. इथे निर्णय तीन पातळ्यांवर होतो.

गाठ लहान, हिरडीवरची, वाट मोकळी, गर्भजल ठीक : अशा वेळी नैसर्गिक बाळंतपणाला हरकत नसते. फक्त ते नवजात शिशुतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात व्हावं.

गाठ मोठी असेल, म्हणजे बाळंतपणात अडेल, फाटेल किंवा देठावर ताण येऊन रक्तस्राव होईल असं वाटत असेल, तर ठरवून सिझेरियन करणं शहाणपणाचं. अमुक सेंटिमीटर म्हणजे सिझेरियन असा सर्वमान्य आकडा नाही. तुमची गाठ आज अडीच सेंटिमीटर आहे, पण ३७ व्या आठवड्यापर्यंत ती दुप्पटही होऊ शकते किंवा आहे तेवढीच राहू शकते. म्हणून दर दोन आठवड्यांनी तिची लांबी, रुंदी, जाडी मोजायची, आणि बाळंतपणाची पद्धत ३६ व्या आठवड्याच्या आसपास ठरवायची. आज कुणी ‘सिझेरियनच’ किंवा ‘नॉर्मलच’ असं ठामपणे सांगत असेल, तर ते कशाच्या आधारावर, हे विचारा.

तिसरी पातळी एक्झिट नावाच्या प्रक्रियेची. इंटरनेटवर शोधलंत तर हे नाव तुम्हाला भेटेलच, म्हणून समजावून सांगतो. यात सिझेरियनसारखा छेद घेऊन बाळाचं डोकं आणि खांदे बाहेर काढतात, पण नाळ कापत नाहीत. आईला खोल भूल देऊन गर्भाशय सैल ठेवतात, म्हणजे वार सुटत नाही आणि नाळेतून बाळाला ऑक्सिजन मिळत राहतो. त्या वेळात बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालतात, दुर्बिणीची मदत घेतात, जमलंच नाही तर गळ्यात छेद देऊन वाट करतात. वाट पक्की झाली की मगच नाळ कापतात. मुळात ही पद्धत वेगळ्याच कामासाठी तयार झाली : जन्मजात डायफ्रॅम हर्नियाच्या (छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असलेल्या) बाळांची फुफ्फुसं वाढावीत म्हणून गर्भातच श्वासनलिका बंद केली जाई, आणि ती जन्माच्या वेळी उघडण्यासाठी असा वेळ लागे. आज श्वासमार्ग अडवणाऱ्या मोठ्या गाठींसाठी ती वरदान आहे. पण गर्भाशय सैल ठेवणं म्हणजे आईचा रक्तस्राव वाढण्याचा धोका पत्करणं. त्यासाठी दोन भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, शिशुतज्ज्ञ आणि रक्तपेढी अशी मोठी फौज एका वेळी सज्ज लागते.

टाळूतून किंवा घशातून निघालेली गाठ, वाढलेलं गर्भजल, रिकामं जठर, मानेपर्यंत पसरलेली सूज : यांपैकी काही असेल तर मी एक्झिटची सोय असलेल्या केंद्राशी आजच बोलायला सांगेन. हिरडीवरच्या एप्युलिसला मात्र त्याची गरज क्वचितच पडते. तिथे सिझेरियन किंवा नॉर्मल प्रसूतीच्या वेळी श्वासमार्ग हाताळण्यात तरबेज माणूस बाळाजवळ उभा असणं बहुधा पुरेसं होतं. साध्या गाठीसाठी आईला मोठ्या प्रक्रियेच्या जोखमीत ढकलणं मला पटत नाही. तसंच, शंका असताना ‘बघू जन्मल्यावर’ म्हणणंही पटत नाही.

३४ आठवड्यांच्या आत प्रसूती होईल अशी चिन्हं असतील, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. तुम्ही सीमेवरच आहात, म्हणून हे लगेच विचारून घ्या. गर्भजल खूपच वाढलं तर सुईनं थोडं काढताही येतं. पाणमोट फुटली किंवा कळा सुरू झाल्या, तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न जाता ठरवलेल्या रुग्णालयातच जायचं, हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. सगळे रिपोर्ट एका फायलीत, आणि पहिल्या पानावर चार ओळींत : बाळाच्या तोंडात गाठ, मूळ कुठे, श्वासमार्गाबद्दल काय आढळलं, जन्माची काय योजना. रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला एवढं वाचायला एक मिनिट लागतं, आणि त्या एका मिनिटानं फार फरक पडतो.

शक्य असेल तर बालशल्यचिकित्सकाला जन्माआधीच भेटा. मी हा आग्रह प्रत्येक आईवडिलांना करतो. गाठ काढणारा माणूस समोर बसून पुढचं सगळं सांगतो तेव्हा जो धीर येतो, तो माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत कितीही बोललो तरी येत नाही.

जन्मानंतरचा पहिला तास. गाठ ओढायची नाही, पिळायची नाही, तिला दोरा बांधायचा नाही. ओल्या निर्जंतुक गॉजनं झाकून ठेवायची. नाकपुड्या स्वच्छ ठेवायच्या. बाळ रडलं, गुलाबी झालं, शांत श्वास घेऊ लागलं की घाई संपली. फक्त एक अडचण आधीच ध्यानात ठेवावी : बाळाला मदतीचा श्वास द्यावा लागला तर बाहेर आलेल्या गाठीमुळे मास्क नीट बसत नाही. म्हणून नळी घालायची तयारी हाताशी हवी. हे त्या क्षणी सुचून उपयोग नाही, आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

श्वास ठीक असला तरी दूध पिणं अडू शकतं. ओठ मिटत नाहीत, त्यामुळे बाळाला छातीला धरता येत नाही. तोवर शिरेतून ग्लुकोज किंवा पोटात जाणाऱ्या बारीक नळीतून दूध देतात. आईनं मात्र पहिल्या काही तासांतच हातानं चीक काढायला सुरुवात करावी. तो नळीतून बाळाला देता येतो, आणि पाझर टिकला की शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजणं सोपं जातं. हे काम ज्या आया पहिल्या दिवसापासून करतात, त्यांना पुढे फार कमी त्रास होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शस्त्रक्रिया साधी आहे. बाळ स्थिर झालं, व्हिटॅमिन के दिलं, रक्ताच्या आवश्यक तपासण्या झाल्या, की पहिल्या काही दिवसांत गाठ देठापाशी कापतात. गाठीचा आकार, देठाची जाडी आणि बाळाची स्थिती बघून पूर्ण भूल की जागेपुरती भूल ते ठरतं. सुरी, विद्युत-दहन किंवा लेझर, कशानंही होतं. रक्तस्राव सहसा थोडाच. बहुतेक बाळं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दूध पिऊ लागतात. खाली हाडापर्यंत खणून मोठा भाग काढायची गरज नसते, किंबहुना तसं करूच नये. खाली दातांचे अंकुर असतात, त्यांना धक्का लागता कामा नये. आणि एप्युलिसचा थोडा अंश मागे राहिला तरी ती पुन्हा वाढत नाही. गाठ जेमतेम एक सेंटिमीटरची असेल आणि दूध पिण्यात, श्वासात अडथळा नसेल, तर नुसतं लक्ष ठेवण्याचा पर्यायही आहे. काही महिन्यांत ती आक्रसू शकते. पण अडीच सेंटिमीटरची, ओठांबाहेर आलेली गाठ मी काढायलाच सांगेन.

काढलेली गाठ रोगनिदान विभागात गेलीच पाहिजे. एप्युलिसमध्ये दाणेदार द्रव भरलेल्या मोठ्या, एकसारख्या पेशी दिसतात आणि त्यांच्यावरचं आवरण पातळ असतं. मोठ्या माणसांच्या तोंडात येणारी ग्रॅन्युलर सेल ट्यूमर दिसायला जवळपास अशीच असते, पण ती एस-१०० या प्रथिनाच्या तपासणीत पॉझिटिव्ह येते आणि एप्युलिस निगेटिव्ह. हा रिपोर्ट जपून ठेवा.

हिरडी थोड्याच आठवड्यांत भरून येते. दात बहुतेक मुलांना वेळेवर आणि सरळ येतात. पहिला दात उगवला की दंतवैद्याला एकदा दाखवून घ्यावं, एवढंच.

शेवटचा प्रश्न पुढच्या बाळाचा. एप्युलिस एकटीच असते, तिच्यासोबत इतर अवयवांचे दोष सहसा नसतात, आणि गुणसूत्रांच्या कुठल्या विकाराशी तिचं नातं आढळलेलं नाही. बाकी सगळं नीट असेल तर केवळ या गाठीसाठी गर्भजल काढून तपासायला मी सांगत नाही. पुढच्या गरोदरपणात ती पुन्हा येण्याचा धोका वाढलेला असतो असंही दिसलेलं नाही. त्या वेळी नेहमीचेच स्कॅन करा. मनाच्या समाधानासाठी ३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत चेहरा जरा निगुतीनं बघायला सांगितलंत तर कुठलाही डॉक्टर नाही म्हणणार नाही.